दुपारचे व्याख्यान, वसईची मोहीम आणि टिटवाळ्याचा तलाव

अठराव्या शतकातील मोठ्या लढायांच्या यादीत टिटवाळ्याचे नाव येत नाही. तरीही वसई, ठाणे, कल्याण, मलंगगड आणि दुगाड ही जी ठिकाणे त्या शतकात एकामागून एक रणभूमी झाली, ती सर्व या गावापासून घोडेस्वाराच्या एका दिवसाच्या अंतरात येतात, आणि गावातील सिद्धिविनायक महागणपतीच्या मंदिराची लोकप्रसिद्ध कथाही पेशव्यांच्या नावाशीच बांधलेली आहे. अशा गावात स्थानिक युद्धेतिहासावर सर्वांसाठी खुली व्याख्याने व्हावीत, याविषयी फारसा मतभेद संभवत नाही. मतभेद आहे तो वेळेविषयी आणि वेळेबरोबर आपोआप ठरून जाणाऱ्या इतर गोष्टींविषयी: व्याख्यान भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, अर्ध्या-पाऊण तासात आटोपणारे असावे, की रीतीप्रमाणे संध्याकाळी, दीड-दोन तासांचे आणि सलग काही दिवस चालणारे असावे. वरवर पाहता ही व्यवस्थेची बाब वाटते; परंतु कोणासमोर बोलायचे, किती बोलायचे आणि कशाला पुरावा म्हणायचे हे तिन्ही प्रश्न तिच्या पोटात आहेत.

मतभेदाची मांडणी संवादाच्या रूपाने करण्याची रीत मराठीला नवी नाही. जोतीराव फुले यांचे १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हे पुस्तक जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांतूनच उलगडत जाते. तेथे एक समजावणारा आणि दुसरा समजून घेणारा आहे. येथे मात्र दोन्ही पक्ष जाणते आहेत. एक आहेत मोडी कागद वाचण्यात आयुष्य घालवलेले अभ्यासक, आणि दुसऱ्या आहेत टिटवाळ्यातच राहणाऱ्या व तेथील मुलांना इतिहास शिकवणाऱ्या शिक्षिका. दोघेही कल्पित आहेत. त्यांचे आक्षेप मात्र इतिहासाच्या जाहीर सभा भरवणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटावेत असे आहेत.

अभ्यासक : बाई, व्याख्यानमालेची आपल्याकडची परंपरा संध्याकाळची आहे आणि ती विचारपूर्वक घडलेली आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुने, १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. दिवसाची कामे उरकून, हातपाय धुऊन, मन रिकामे करून माणूस ऐकायला बसतो, हा त्या परंपरेचा पाया आहे. वसईच्या मोहिमेसारखा विषय, ज्यात दोन वर्षांची लढाई, चार भाषांतील कागद आणि तीन कालगणना येतात, तो डबा उघडता उघडता कसा सांगायचा?

शिक्षिका : सर, त्या परंपरेबद्दल आदरच आहे, पण ती ज्या गावांत वाढली त्या गावांतील माणसे संध्याकाळी गावातच असत. टिटवाळ्याचे तसे नाही. सकाळी कल्याणमार्गे मुंबईकडे गेलेला नोकरदार कसारा किंवा टिटवाळा लोकलने परत येतो तेव्हा त्याच्यात जेवून झोपण्यापुरतेच त्राण उरलेले असते. संध्याकाळची सभा भरवली तर तीच तीस-चाळीस परिचित माणसे येतील, आणि ती आधीच सर्व वाचून बसलेली असतील. दुपारी मात्र गावात जे असतात त्यांना कोणी कधी बोलावलेलेच नाही: घरची कामे उरकलेल्या बाया, निवृत्त मंडळी, सकाळची शाळा सुटलेली मुले, पूजेच्या साहित्याची दुकाने मांडून बसलेले विक्रेते, बाजाराला आलेले शेतकरी आणि मंगळवारी किंवा अंगारकीला लांबून आलेले भाविक. वेळ ही सोयीची बाब नाही. कोण ऐकणार हे वेळच ठरवते.

शिक्षिकांच्या या म्हणण्याला बाहेरच्या जगातील एका प्रसिद्ध उदाहरणाचा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, ऑक्टोबर १९३९ मध्ये, लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षिततेसाठी शहराबाहेर हलवलेली असताना पियानोवादक मायरा हेस यांनी तेथील रिकाम्या दालनांत दुपारच्या जेवणाच्या वेळी मैफली सुरू केल्या, आणि त्या १९४६ पर्यंत चालू राहिल्या. हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री दिवे मालवावे लागत असल्याने संध्याकाळ हातची गेली होती. म्हणून दुपार निवडली गेली, आणि तिकिटाचा दर एक शिलिंग ठेवल्यामुळे एरवी मैफलीला न जाणारी कचेरीतील माणसेही तेथे आली. टिटवाळ्याची संध्याकाळ बॉम्बने नव्हे तर लोकलच्या वेळापत्रकाने हिरावलेली आहे. कारण निराळे असले तरी तोडगा तोच निघतो.

अभ्यासकांचा खरा आक्षेप मात्र वेळेवर नसून लांबीवर आहे, आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही.

अभ्यासक : अर्ध्या तासात काय सांगता येते ते पाहू. वसई मराठ्यांनी घेतली ती कधी? काही पुस्तकांत ५ मे १७३९ असे आढळेल, काहींत १६ मे १७३९. श्रोता गोंधळेल किंवा एक तारीख खोटी मानेल. वस्तुतः दोन्ही एकाच दिवसाच्या तारखा आहेत. पोर्तुगीज तेव्हा ग्रेगरी पंचांग वापरत होते, जे आज सर्वत्र चालते. इंग्रज १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग वापरत होते, आणि त्या काळात दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. मराठी कागदात तर यांपैकी कोणतीच तारीख नसते. तेथे चांद्र महिन्याची हिजरी तारीख आणि शुहूर सन असतो. शुहूर सन म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवसापासून मोजलेले वर्ष. म्हणूनच त्याला मृगसालही म्हणतात. त्याचा आकडा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. वसई पडली तेव्हा ‘तिसा सलासीन मया व अलफ’, म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार मिळून ११३९ या सालाचे शेवटचे दिवस चालू होते. एका तारखेला इतके सांगावे लागते. मग मोहिमेला किती?

शिक्षिका : आत्ता जे सांगितलेत त्याला दोन मिनिटे लागली, सर, आणि त्यात शेतकऱ्याला माहीत असलेला मृगही आला. ज्याचे वर्ष आजही मृगाच्या पावसावर चालते त्याला मृगसाल समजायला प्राध्यापकापेक्षा कमी वेळ लागेल. वसईचा वेढा मे महिन्यात का घाईला आला हेही त्याला सांगावे लागणार नाही. पाऊस लागला की खाडीकाठच्या चिखलात मोर्चे टिकत नाहीत, हे त्याला शेताच्या बांधावरून ठाऊक आहे.

येथे ‘मोर्चे’ हा शब्द आजच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. वेढा घालणारे सैन्य किल्ल्याच्या दिशेने मातीचे आडोसे आणि चर खणत पुढे सरकते, त्या आघाडीच्या ठाण्यांना तत्कालीन कागदांत मोर्चे म्हणतात. वसईचा किल्ला बहुतेक बाजूंनी पाणी आणि दलदल यांनी वेढलेला असल्याने जमिनीवरून त्याच्याशी भिडण्याची जागा उत्तरेकडील अरुंद पट्टीतच होती. तेथे मोर्चे तटापर्यंत नेऊन बुरुजांखाली सुरुंग, म्हणजे जमिनीखालून खणून दारू ठासलेले बोगदे, उडवावे लागले. पहिले हल्ले फसले होते. १७३९ च्या फेब्रुवारीत मोहिमेचे सेनापती चिमाजी आप्पा स्वतः वेढ्यावर आले, आणि मे महिन्यात सुरुंगांनी तट फोडल्यावर पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने पोर्तुगीजांची हानी आठशे आणि वेढा घालणाऱ्यांची पाच हजारांहून अधिक अशी दिली आहे. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांच्या सहापट माणसे गमावली, हे वाक्य विजयोत्सवाच्या भाषणांत सहसा ऐकू येत नाही. आणि एखाद्या व्याख्यानात दुसरे काहीच सांगता आले नाही तरी एवढे सांगितले जावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

या मोहिमेतील ठाणे जिल्ह्याचा वाटा वसईच्या वेढ्यापुरता नाही, आणि त्याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नाही. भिवंडीजवळील अणजूर येथील गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी पोर्तुगीज अमलाखालील, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘फिरंगाणातील’, रयतेची गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत नेली आणि वाटा, खाड्या व माणसे यांची माहिती पुरवली. ‘साष्टीची बखर’ या ग्रंथात त्यांच्या खटपटीला मोठे स्थान आहे. बखर म्हणजे घटनेनंतर, पुष्कळदा कोणाच्या तरी सांगण्यावरून किंवा हक्काच्या समर्थनासाठी, रसाळ गद्यात लिहिलेला वृत्तांत; तिच्यातील ओघ खरा असू शकतो आणि तपशील चुकू शकतो. १७३७ च्या उन्हाळ्याच्या आरंभी ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला, तेव्हा पोर्तुगीजांचे त्याचे बांधकाम पुरे झालेले नव्हते. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आज त्याच किल्ल्यात आहे.

संवादाला खरी धार येते ती टिटवाळ्याच्या मंदिराशी. प्रचलित कथा अशी की कण्व ऋषींचा आश्रम येथे होता आणि शकुंतलेने येथे गणपतीची स्थापना केली. पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळी पाण्याच्या टंचाईमुळे गावातील तलावाचा गाळ उपसला जात असताना, ते काम पाहणारे सरदार रामचंद्र मेहेंदळे यांना गाळात मूर्ती सापडली, आणि पेशव्यांनी मंदिर उभारले. कथेच्या काही रूपांत या मंदिराचा संबंध वसईच्या विजयाशीही जोडला जातो.

अभ्यासक : ही गाठ सोडवल्याशिवाय टिटवाळ्यात व्याख्यान कसे द्यायचे? वसई १७३९ मध्ये पडली. माधवरावांचा जन्म १७४५ चा. ते पेशवे झाले १७६१ मध्ये, पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी, आणि १७७२ मध्ये थेऊर येथे वारले. वसई जिंकणारे चिमाजी आप्पा त्यांचे चुलत आजोबा. म्हणजे वसईच्या विजयानंतर माधवरावांनी मंदिर बांधले हे वाक्य शब्दशः खरे असू शकते, कारण निदान बावीस वर्षांनंतर हेही नंतरच. पण विजयाप्रीत्यर्थ म्हटले की ते कोसळते. दुपारी दर्शनाच्या रांगेतून उठून आलेल्या माणसाला हे सांगायला गेलात तर त्याला इतिहास ऐकू येणार नाही, श्रद्धेवरचा हल्ला ऐकू येईल. म्हणून व्याख्यान मंदिरापासून दूर, वाचनालयात आणि पुरेशा वेळाचे असावे.

शिक्षिका : नेमके उलटे. ही गाठ जिथे रोज घट्ट होते तिथेच ती सोडवली पाहिजे. तलावाच्या काठावर दिवसभरात ही कथा किती वेळा सांगितली जाते! स्टेशनवरून येणारा रिक्षावाला सांगतो, हार विकणारी सांगते, आजी नातवाला सांगते. वाचनालयातील चाळीस जणांसमोर कालगणना दुरुस्त करून काठावरच्या कथेत एका अक्षराचाही फरक पडत नाही. आणि श्रोत्याला इतके नाजूक समजण्याचे कारण नाही. कीर्तन ऐकणाऱ्या समाजाला मंदिरात इतिहास ऐकण्याची सवय आहे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लागते, हे त्याला माहीत असते. एका बैठकीत दोन प्रकारचे सत्य सांगितले जाते आणि मध्ये बुक्का लावला जातो, हेही त्याला माहीत असते.

अभ्यासक : उपमा सुंदर आहे, पण ती तुमच्याच विरोधात जाते. आख्यान रंगावे म्हणून कीर्तनकाराला मोकळीक असते. तो बाजीरावाच्या तोंडी हवे ते वाक्य घालू शकतो आणि कोणी हरकत घेत नाही. व्याख्यात्याला ती मोकळीक नाही. उत्तररंगाची सवय असलेला श्रोता व्याख्यानही उत्तररंग म्हणूनच ऐकेल, ही खरी भीती आहे.

शिक्षिका : मग बुक्का दाखवावा. म्हणजे, आता कथा संपली आणि कागद सुरू झाला, हे व्याख्यात्याने उघडपणे म्हणावे. ‘असे सांगतात’ आणि ‘असे लिहिलेले आहे’ हे दोन वाक्यप्रयोग शाळेतल्या सहावीच्या मुलांनाही वेगळे करता येतात. मोठ्यांना ते येणार नाहीत असे मानणे हा त्यांचा अपमान आहे.

या टप्प्यावर अभ्यासकांची बाजू थोडी हलते. मात्र शिक्षिकांच्या युक्तिवादापेक्षा त्यांना स्वतःला आठवलेल्या एका दुव्याने ती अधिक हलते, आणि तो दुवा असा आहे की टिटवाळ्याच्या परिसराशी माधवरावांचे कागदोपत्री सिद्ध असलेले युद्धसंबंधी नाते शोधायचे असेल तर ते वसईच्या विजयात नाही, वसईच्या दुसऱ्या पतनात आहे.

अभ्यासक : माधवरावांनी १७६९ मध्ये मोठी फौज उत्तरेत पाठवली, तिचे एक प्रमुख होते रामचंद्र गणेश कानडे. माधवरावांच्या हयातीतच मॉस्टिन हा इंग्रजांचा वकील पुण्यास येऊन गेला होता, आणि साष्टी व वसई मिळावी ही मुंबईकरांची, म्हणजे मुंबईच्या इंग्रजांची, तेव्हापासूनची इच्छा होती. पेशव्यांच्या घरात फूट पडताच डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मग सुरत, पुरंदर, वडगाव असे करार होत आणि मोडत गेले, आणि १७८० मध्ये युद्ध थेट कल्याणच्या दारात आले. इंग्रज कप्तान कँबेलने कल्याण घेतले; मे महिन्यात ते परत घेण्यासाठी मराठी फौज चालून आली आणि ऐन वेळी दुसरा इंग्रज अधिकारी हार्टली मदतीला पोहोचल्याने तो प्रयत्न फसला. पावसाळ्यात मलंगगडाला इंग्रजांनी घातलेला वेढा निष्फळ ठरला. आणि डिसेंबरात, जनरल गॉडर्ड वसईला वेढा घालून बसला असताना, त्याची पाठ राखणाऱ्या हार्टलीवर दुगाड येथे मराठे तुटून पडले. १२ डिसेंबर १७८० रोजी दाट धुक्यात झालेल्या त्या हल्ल्यात रामचंद्र गणेश ठार झाले. त्याच सुमारास वसई गॉडर्डच्या हाती गेली. माधवरावांचा सेनापती टिटवाळ्यापासून फार दूर नसलेल्या, भिवंडी तालुक्यातल्या एका खेड्याजवळ पडला, हे या भागात किती जणांना ठाऊक आहे?

शिक्षिका : बहुतेकांना नाही, कारण तो विजय नव्हता. आणि सर, हे तुम्ही पाच मिनिटांत सांगितलेत.

दुगाडचा हा विसर अधिक विचार करायला लावणारा आहे. १७३९ च्या वसईच्या आठवणी जागोजाग जपल्या गेल्या: वसईच्या किल्ल्यात चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, वज्रेश्वरीचे मंदिर त्यांच्या नवसाशी जोडले जाते, चर्चमधून आणलेल्या मानल्या जाणाऱ्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आणि वाईजवळ मेणवलीला आजही दाखवल्या जातात. १७८० चे युद्ध याच भूमीवर, याच खाड्यांच्या काठी लढले गेले, त्यात कल्याणच्या वाटेवरील गावांचे धान्य, बैल आणि माणसे खर्ची पडली, आणि मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली तरी साष्टी आणि ठाणे इंग्रजांकडेच राहिले. ठाण्याच्या पुढील शंभर-दीडशे वर्षांचे रूप, तेथील कचेऱ्या, तेथील न्यायालय, तेथपर्यंत धावलेली पहिली आगगाडी, हे सर्व त्या तहाच्या त्या एका कलमातून वाहत आले. विजयाचे स्मारक होते आणि तहाचे होत नाही; परंतु कोणत्या गोष्टीने आजचे ठाणे घडवले असे विचारले तर उत्तर तहाच्या बाजूने द्यावे लागते.

याच संदर्भात एक बाजू दोन्ही वक्त्यांकडून उशिरा मांडली जाते, आणि ती आधी यायला हवी होती. वसईच्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती, आणि त्या रयतेचे वंशज आजही वसई, साष्टी आणि ठाणे परिसरात राहतात. वसईतील सामवेदी ख्रिस्ती समाजाची बोली ही मराठीचीच एक बोली आहे. फिरंगाणातील जुलमाविषयी, म्हणजे धर्मपालनावरील बंधने आणि मंदिरांचा विध्वंस यांविषयी, बोलताना तो पोर्तुगीज राजवटीविषयी आहे आणि शेजारी बसलेल्या श्रोत्याच्या पणजोबांविषयी नाही, हा फरक व्याख्यात्याला शब्दाशब्दात राखता आला पाहिजे. शिक्षिकांचे म्हणणे असे की हा फरक संमिश्र श्रोतृवृंदासमोर आपोआप राखला जातो, कारण समोरचा चेहरा वक्त्याला सावध करतो. अभ्यासकांचे म्हणणे असे की घाईत पहिला बळी याच फरकाचा जातो. येथे अभ्यासकांचे म्हणणे अधिक योग्य आहे. तीस मिनिटांत ‘ते’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द फार सोपे पडतात, आणि एकदा उच्चारले की परत घेता येत नाहीत. म्हणून दुपारच्या व्याख्यात्याने आपले भाषण लिहून आणावे आणि त्यातून हे दोन शब्द आधीच काढून टाकावेत, हा नियम जाचक वाटला तरी आवश्यक आहे.

अभ्यासक : समजा, दुपार मान्य केली. मग एका बैठकीला एकच कागद. मोहीम नाही, पराक्रम नाही, युग नाही, एक पत्र. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले, त्यांत वसईच्या मोहिमेच्या पत्रांना स्वतंत्र जागा आहे. त्यातले एक पत्र घ्यावे, आधी मोडीत दाखवावे, मग वाचावे, त्यातले शब्द उलगडावेत आणि थांबावे. पत्रात दारू मागितली असेल तर दारूविषयी, गलबते मागितली असतील तर गलबतांविषयी, म्हणजे लहान शिडांच्या जहाजांविषयी, बोलावे. श्रोत्याने विचारले की पुढे काय झाले, तर पुढच्या वेळी या म्हणावे.

शिक्षिका : हे मान्य, कथा सांगण्याचा मोह आवरावा लागेल, आणि तो आवरणे कठीण जाईल, तरीही मान्य. पण जागा तलावाकाठचीच. आणि सर, आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगायची राहिली. कागद नेहमी पुण्याहूनच यावेत असे कुठे आहे? इतिहासकार राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चे बावीस खंड छापले ते घराघरांतून, माळ्यांवरून, बोळक्यांतून कागद मिळवून. घरातील जुनी पेटी कोणाच्या ताब्यात असते? संध्याकाळच्या सभेला येणाऱ्या यजमानांच्या नाही. ती उघडते दिवाळीआधीच्या साफसफाईला, आणि ती उघडणारी बाई दुपारी घरी असते. तिला मोडीचा एक कागद कसा दिसतो हे एकदा डोळ्यांनी दाखवले, तर पुढच्या साफसफाईत ती तो रद्दीत घालणार नाही.

अभ्यासक या मुद्द्यावर निरुत्तर होतात, आणि तसे होणे योग्यच आहे, कारण व्याख्यान म्हणजे जाणत्याने अजाणत्यांना द्यायची वस्तू हे त्यांच्या युक्तिवादाखालील गृहीतक येथे उलटते. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांची मूळ रीतही हीच होती की सदस्याने मिळालेला कागद आणावा, तो वाचावा आणि त्यावर चर्चा व्हावी. तेथे सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात आजच्याइतके अंतर नव्हते. टिटवाळ्याजवळ गोवेलीवरून मुरबाडकडे आणि पुढे माळशेज घाटाकडे जाणारी वाट ही घाटावर आणि कोकणात येजा करणाऱ्या वाटांपैकी एक. तिच्या दोन्ही बाजूंच्या गावांत पाटील, कुलकर्णी, देशमुख आणि देशपांडे या वतनदारांची, म्हणजे गावाच्या किंवा परगण्याच्या कारभाराचा वंशपरंपरागत हक्क असलेल्यांची, घराणी होती, आणि सैन्य जाते तेथे रसदेचा, बिगारीचा, वसुलातील सुटीचा असा काही ना काही कागद मागे राहतो.

जागेविषयीचा वाद या संवादात मिटत नाही. अभ्यासक शेवटपर्यंत वाचनालयाच्या बाजूने राहतात, शिक्षिका तलावाच्या. निकाल द्यावयाचा झाल्यास तो वेळेपुरता शिक्षिकांच्या बाजूने, आशयाच्या शिस्तीपुरता अभ्यासकांच्या बाजूने आणि जागेपुरता पुन्हा शिक्षिकांच्या बाजूने द्यावा लागेल. आणि पहिल्या बैठकीचा विषय वसईचा विजय नसून दुगाडचे धुके असावे, कारण विजय ऐकायला आलेला श्रोता विजयच घेऊन घरी जातो आणि धुक्याविषयी ऐकलेला श्रोता प्रश्न घेऊन जातो.

टिटवाळा, कल्याण, भिवंडी आणि मुरबाड या पट्ट्यातील ज्या वाचकांच्या घरी कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा असेल, ज्याला दप्तरखान्याच्या भाषेत रुमाल म्हणतात, त्यांना विनंती एवढीच की अक्षर लागत नाही म्हणून तो टाकू नये, पाण्यात सोडू नये आणि चिकटपट्टी लावून जोडू नये. कोरड्या जागी ठेवावा, आणि मोडी वाचणाऱ्या एखाद्या माणसाला तो एकदा उघडून दाखवावा.